ऑपरेशनआधीची भीती आणि तिच्यावरचं औषध: कुणाला, कोणतं, किती, केव्हा

संध्याकाळी साडेसात-आठला वॉर्डातून सिस्टरचा फोन येतो. "मॅडम, उद्याच्या पित्ताशयाच्या पेशंट फार घाबरल्यात. बीपी १६८/१०० लागतंय. रात्री झोपेची गोळी देऊ का?" भूलतज्ज्ञ म्हणून काम सुरू केल्यावर पहिली काही वर्षं मी या प्रश्नाला फोनवरच "द्या" म्हणत असे. औषध ठरलेलं, डोस ठरलेला, सगळ्यांना सारखा. आता आधी विचारते, वय किती, वजन किती, घोरतात का, रोजची औषधं कोणती, आणि जमेल तेव्हा उठून वॉर्डात जाते. त्या फोनपासून पेशंट टेबलावर येईपर्यंत काय काय ठरवायचं असतं, ते इथे क्रमानं मांडते.

हा लेख भूलशास्त्र शिकायला आलेल्या रेसिडेंटसाठी, छोट्या हॉस्पिटलांत रात्रपाळी काढणाऱ्या आरएमओंसाठी आणि वॉर्डातल्या सिस्टर-ब्रदरसाठी आहे. पेशंट आणि नातेवाइकांनी जरूर वाचावा, पण यातले डोस घरी वापरण्यासाठी नाहीत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री भूलतज्ज्ञाला न सांगता घेतलेली एखादी गोळीसुद्धा दुसऱ्या दिवशीचं गणित बदलते.

सगळ्यांना सरसकट शामक औषध देण्याची सवय आली कुठून, हे आधी सांगायला हवं. ईथरच्या काळात भूल चढायला वेळ लागायचा, लाळ आणि कफ भरपूर सुटायचा, पेशंट धडपडायचा. म्हणून मॉर्फिन-हायोसिन किंवा अट्रोपिन आधीच टोचलेलं असलं की काम सोपं व्हायचं. ईथर गेलं, प्रोपोफॉलनं अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागू लागली, तरी आदल्या तासाची सुई मागे राहिली. आपल्याकडे बरीच वर्षं ती पेंटाझोसिन-प्रोमेथाझिन या जोडीची होती, जुन्या सिस्टर अजूनही "फोर्टविन-फेनरगन देऊ का?" विचारतात. गुंगी त्यानं येते, पण पेंटाझोसिननं काहींना उलट बेचैनी आणि भास होतात, बीपी वाढतं. ज्या कारणासाठी ही सवय लागली ते कारण आता नाही, म्हणून प्रत्येक पेशंटपाशी नव्यानं विचार करायचा.

पहिली पायरी: पेशंटला भेटा

१९६३ साली अमेरिकेत एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी साधी तुलना केली. काही पेशंटना ऑपरेशनआधी पेंटोबार्बिटाल दिलं, काहींना भूलतज्ज्ञानं आदल्या दिवशी भेटून सगळं समजावून सांगितलं. औषध घेतलेले पेशंट पेंगुळले, पण शांत झाले नाहीत. भेट झालेले शांत होते. साठ वर्षांनंतरही मला त्यात बदल करावासा वाटत नाही. पेंगणं आणि शांत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बऱ्याचदा पहिलीलाच दुसरी समजतो.

भेटायचं म्हणजे फाइल घेऊन उभ्याउभ्या दोन प्रश्न विचारायचे नाहीत. खुर्ची ओढून बसा. "भीती वाटते का?" असं विचारलं तर बहुतेक पुरुष "नाही" म्हणतात आणि बायका "थोडी" म्हणतात. त्याऐवजी "उद्याच्या कुठल्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी वाटते?" असं विचारा. उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. शुद्धीवर आलोच नाही तर? मध्येच जाग आली तर? कमरेत इंजेक्शन दिलं की जन्मभर कंबर धरते म्हणतात, खरं का? शेजारच्या गावातला कुणी टेबलावरच गेला, त्याची ऐकीव गोष्ट. यातल्या प्रत्येकाला सरळ, खरं उत्तर आहे. "मी पूर्ण वेळ तुमच्या डोक्याशी बसलेली असते, एक मिनिटही सोडून जात नाही" हे वाक्य मी सांगते तेव्हा चेहरा सैल पडलेला दिसतो. अनेकांना वाटत असतं की भूल देणारा इंजेक्शन देऊन निघून जातो.

काही भीती वेगळ्याच असतात. एका बाईंना ऑपरेशनपेक्षा मंगळसूत्र आणि हिरव्या बांगड्या काढाव्या लागतील याचाच घोर होता. कुणी विचारलंच नव्हतं. मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात आपल्या देखत द्यायचं आणि ऑपरेशन दुसऱ्या अंगाला असल्यानं एका हातातल्या बांगड्यांना चिकटपट्टी लावून चालणार, एवढं ठरल्यावर त्या रात्रभर झोपल्या. गोळीनं हे झालं नसतं.

मोजमाप हवं असेल तर नेदरलँड्समध्ये १९९६ मध्ये तयार झालेली एपीएआयएस ही सहा प्रश्नांची यादी वापरा. भुलेची काळजी वाटते, भूल सतत डोक्यात घोळते, ऑपरेशनची काळजी वाटते, ऑपरेशन सतत डोक्यात घोळतं, या चार वाक्यांना १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज ४ ते २० मध्ये येते आणि ११ किंवा जास्त आली तर भीती लक्ष देण्याइतकी आहे असं धरतात. उरलेले दोन प्रश्न पेशंटला किती माहिती हवी आहे ते सांगतात. ते विसरू नका. काहींना सगळं ऐकायचं असतं आणि काहींना "डॉक्टर, मला काही सांगू नका, तुम्हीच बघा" असंच हवं असतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला नळी, व्हेंटिलेटर समजावत बसलात तर भीती वाढते.

दुसरी पायरी: ही भीतीच आहे ना, ते तपासा

घाबरलेला, घामेजलेला, नाडी ११० असलेला माणूस भीतीनंच तसा झालाय असं धरून चालू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावा. ऑक्सिजन कमी असलेला माणूस बेचैन असतो आणि त्याला शामक देणं जिवावर बेतू शकतं. ग्लुकोमीटरवर साखर बघा. उपाशीपोटी डायबिटीसची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्याचा थरकाप भीतीसारखाच दिसतो. दुखतंय का विचारा. खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना शामक नको, पॅरासिटामॉल आणि शक्य असेल तर नर्व्ह ब्लॉक हवा. लघवी तुंबलेली आहे का, थायरॉईड वाढलेला आहे का, तेही बघा.

दारूबद्दल नातेवाईक बाहेर गेल्यावर विचारा. "शेवटची कधी घेतलीत?" असा प्रश्न करा, "घेता का?" असा नको. दोन दिवसांपूर्वी ॲडमिट झालेल्या रोजच्या पिणाऱ्याचे हात थरथरत असतील आणि तो रात्रभर जागा असेल, तर ती दारू सुटल्याची लक्षणं आहेत. तिथे बेन्झोडायझेपिन (अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम ज्यात येतात तो शामकांचा गट) लागतं, पण वेगळ्या हेतूनं, वेगळ्या डोसात, आणि ऑपरेशन पुढे ढकलायचं का हा प्रश्नही येतो.

वॉर्डातलं वाढलेलं बीपी एकदाच मोजून निर्णय घेऊ नका. पाठ टेकून बसवा, दहा मिनिटांनी पुन्हा घ्या, बीपीची रोजची गोळी चुकलीय का बघा. आणि नाडी जोरात आहे म्हणून त्याच दिवशी बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारं, मेटोप्रोलॉलसारखं औषध) नव्यानं सुरू करू नका. २००८ मध्ये आलेल्या आठ हजारांवर पेशंटच्या पॉइझ चाचणीत, ऑपरेशनच्या दिवशी मोठ्या डोसात मेटोप्रोलॉल सुरू केलेल्यांत हार्ट ॲटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. ज्यांचं बीटा-ब्लॉकर आधीपासून चालू आहे त्यांचं मात्र त्या सकाळीही चुकवू नका.

आणखी एक अगदी घरगुती कारण: चहा. पन्नास वर्षं सकाळी सहाला चहा घेणारा माणूस अकरा वाजेपर्यंत कोरडा ठेवला की डोकं धरतं, चिडचिड होते, आणि आपण त्याला घाबरलेला म्हणतो. दुधाचा चहा अन्नात धरतात, त्याला सहा तास. पण दूध न घातलेला कोरा चहा, पाणी, गाळलेलं सरबत ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, पोट नीट रिकामं होत असेल तर. "रात्री बारानंतर काहीही नाही" हा सरसकट फतवा सोडून दिला तर शामकाची गरज निम्म्या वेळा उरत नाही, हा माझा अनुभव आहे.

तिसरी पायरी: द्यायचंच का?

फ्रान्समधल्या पाच हॉस्पिटलांत सत्तरीच्या आतल्या १०६२ पेशंटवर झालेली प्रीमेडएक्स चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला लोराझेपाम २.५ मिग्रॅ, दुसऱ्याला खोटी गोळी, तिसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पेशंटच्या समाधानात फरक नव्हता. पण लोराझेपाम घेतलेल्यांची श्वासाची नळी काढायला सरासरी १७ मिनिटं लागली, बाकीच्यांची १२-१३, आणि त्यांची बुद्धी ताळ्यावर यायलाही जास्त वेळ लागला. याचा अर्थ शामक वाईट असा नाही. याचा अर्थ न मागता, न बघता सगळ्यांना देण्यात पेशंटचा फायदा नाही.

मी देते ते यांना: समजावूनही भीती न उतरलेले, आधी वाईट अनुभव आलेले, सुईच्या भीतीनं चक्कर येणारे, ज्यांना स्वतःलाच औषध हवं आहे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले, ज्यांच्यात घाबरून वाढलेली नाडी स्वतःच धोक्याची आहे, आणि अर्थात लहान मुलं.

ज्यांना वॉर्डात शामक द्यायचंच नाही अशांची यादी मात्र पाठच करा. घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे: स्टॉप-बँगचे आठ प्रश्न विचारा, पाच किंवा जास्त आले तर वॉर्डात काहीही देऊ नका. सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, ज्यांचा कार्बन डायऑक्साइड वाढलेला आहे. डोक्यात गाठ किंवा दाब वाढलेले. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू दुबळे करणारा आजार. पोट भरलेले किंवा आतडी अडकलेले. श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जाईल असं वाटणारे. लिव्हर खूप खराब झालेले. आणि सिझेरियनच्या बायका: बेन्झोडायझेपिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं, बाळ ढिलं पडतं, श्वास घ्यायला आळस करतं. सिझेरियनमध्ये भीतीवर उपाय म्हणजे हात धरणारी सिस्टर आणि सतत बोलत राहणारी भूलतज्ज्ञ. बाळ बाहेर आल्यावर लागलंच तर बघू.

चौथी पायरी: मोठ्यांसाठी औषध निवडणं

*अल्प्राझोलाम.* आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. ०.२५ मिग्रॅ रात्री झोपताना, तरुण आणि धडधाकट असेल तर ०.५. सकाळी परत द्यायचं तर ओटीत नेण्याच्या साधारण दीड तास आधी, घोटभर पाण्याबरोबर. परिणाम अर्धा दिवस तरी रेंगाळतो, म्हणून त्याच दिवशी घरी जाणाऱ्याला सकाळचा डोस मी देत नाही.

*डायझेपाम.* ५ ते १० मिग्रॅ तोंडावाटे. स्वस्त, सगळीकडे मिळणारं, आणि अंगात फार काळ राहणारं. अर्धं उतरायलाच एक ते दोन दिवस लागू शकतात, शिवाय शरीरात त्यापासून बनणारं द्रव्यही काम करत राहतं. तरुण माणूस, मोठं ऑपरेशन, पुढे दोन-चार दिवस मुक्काम, अशा ठिकाणीच मी त्याचा विचार करते. स्नायूत टोचू नका: दुखतं आणि किती शोषलं जाईल सांगता येत नाही.

*लोराझेपाम.* १ ते २ मिग्रॅ, दोन तास आधी. यानं विस्मरण चांगलं होतं. लिव्हरवरचा भार तुलनेनं कमी, म्हणून लिव्हर किंचित बिघडलेल्या पेशंटला बेन्झोडायझेपिन द्यायचंच झालं तर हे, तेही अर्ध्या डोसात.

*मिडाझोलाम, शिरेतून.* माझी पहिली पसंती हीच, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हातानं, मॉनिटर लावून दिलं जातं. मोठ्यांना १ मिग्रॅ, तीन मिनिटं थांबायचं, बोलत राहायचं, गरज वाटली तर आणखी १. वॉर्डात देऊन ट्रॉलीवरून लिफ्टनं पाठवायचं औषध हे नाही. फेंटानिल या जोरदार वेदनाशामकाबरोबर दिलंत तर दोघं मिळून श्वास एवढा मंदावतात की प्रत्येकाचा डोस कमी करावाच लागतो. आणि ॲम्प्यूल डोळ्यांनी वाचा: १ मिग्रॅ प्रति मिली आणि ५ मिग्रॅ प्रति मिली अशा दोन्ही ताकदींची औषधं एकाच ट्रेमध्ये असतात. "एक मिली दे" असं कधीही म्हणू नका, मिलिग्रॅममध्येच सांगा.

*मेलाटोनिन.* ३ ते ६ मिग्रॅ, तासभर ते दीड तास आधी. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत ते खोट्या गोळीपेक्षा भीती कमी करतं आणि त्या बाबतीत बेन्झोडायझेपिनच्या फार मागे नाही असं दिसलं. श्वास मंदावत नाही, सकाळी डोकं जड राहत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला "रात्री झोप लागेल असं काहीतरी द्या" म्हणून फोन आला, तर माझं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

*क्लोनिडीन.* बीपी जास्त असलेल्या घाबरट तरुण पेशंटला १०० मायक्रोग्रॅमची गोळी तासभर ते दीड तास आधी उपयोगी पडते, भुलेचं औषधही कमी लागतं. नाडी आधीच मंद असेल, रक्तस्राव होत असेल किंवा शरीर कोरडं पडलं असेल तर नको.

प्रीगॅबालिनबद्दल एवढंच: वेदनेसाठी म्हणून आणि शामक म्हणून दोन्ही कामं होतील या आशेनं ते दिलं जातं, पण चक्कर आणि गुंगी नंतरही राहते आणि ओपिऑइडबरोबर (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं) श्वास मंदावतो. निव्वळ भीतीसाठी मी ते वापरत नाही.

पेशंटची चालू औषधं या निवडीला वळण देतात. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल खाणारे आजकाल प्रत्येक लिस्टमध्ये एखादे तरी असतात. ते सांगत नाहीत, कारण त्यांना ते "त्वचेचं" औषध वाटतं. इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन लिव्हरमधलं जे विकर अडवतात, त्यानंच मिडाझोलाम आणि अल्प्राझोलाम पचतं. मग नेहमीचा डोस दुप्पट-तिप्पट असल्यासारखा चढतो आणि उतरत नाही. उलट टीबीसाठी रिफाम्पिसिन घेणाऱ्यात तोंडावाटे दिलेलं मिडाझोलाम जवळजवळ निकामी होतं.

आणि जे लोक वर्षानुवर्षं रोज रात्री क्लोनाझेपाम घेतात त्यांचं औषध ऑपरेशनसाठी बंद करू नका. अचानक थांबलं तर थरथर, बेचैनी, कधी फिटसुद्धा येते. नेहमीचा डोस नेहमीच्या वेळी द्या आणि तोच त्यांचा शामक समजा.

लहान मुलं: इथे वेळ द्या

सहा-सात महिन्यांपर्यंतच्या बाळाला शामक लागत नाही. ते कुणाच्याही कडेवर जातं. खरा प्रश्न वर्ष ते पाच वर्षांच्या मुलांचा आहे. आईपासून ओढून नेलेलं, किंचाळणारं, चौघांनी दाबून मास्क लावलेलं मूल नंतर कित्येक दिवस रात्री दचकून उठतं, अंथरुण ओलं करतं, पांढरा कोट दिसला की थरथरतं. हे टाळण्यासाठी केलेली कुठलीही खटपट जास्त नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी वजन करा. वजनकाट्यावर, कपड्यांतच, पण खरं. "पंधरा-सोळा असेल" या अंदाजावर मुलांचे डोस ठरवू नका.

तोंडावाटे मिडाझोलाम ०.५ मिग्रॅ प्रति किलो, ऑपरेशनच्या वीस ते तीस मिनिटं आधी. कितीही वजन असलं तरी मी १५ मिग्रॅच्या वर जात नाही. म्हणजे १२ किलोच्या मुलाला ६ मिग्रॅ. तयार सिरप सगळीकडे मिळत नाही, म्हणून इंजेक्शनचंच औषध गोड पाण्यात देतात. ते कडूजहर असतं. चमचाभर साखरेच्या पाकात किंवा गाळलेल्या गोड रसात मिसळून, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, आणि सिरिंज आईच्या हातात द्या. गर असलेला आंब्याचा रस किंवा दूध नको, पोट रिकामं राहायला हवं. थुंकलं तर पूर्ण डोस परत देऊ नका. किती पोटात गेलं ते आपल्याला कळत नाही.

मूल तोंड उघडायलाच तयार नसेल तर डेक्समेडेटोमिडीन नाकात: १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति किलो, दोन्ही नाकपुड्यांत वाटून. झोंबत नाही, मूल नैसर्गिक झोपेसारखं झोपतं, सेव्होफ्लुरेन या भुलेच्या वायूनंतर होणारा थयथयाटही कमी होतो. पण त्याला अर्धा ते पाऊण तास लागतो आणि नाडी, बीपी उतरतं, म्हणून लिस्ट नीट आखलेली आणि सोबत बघणारं कुणीतरी हवंच. मिडाझोलामही नाकात देता येतं, ०.२ मिग्रॅ प्रति किलो, दहा-पंधरा मिनिटांत काम करतं, पण नाकात आग होते. ज्या मुलाला शांत करायचंय त्याला त्यासाठी रडवायचं हे मला पटत नाही, म्हणून शेवटचा पर्याय. नाक वाहत असेल तर यातलं काहीच धड शोषलं जात नाही, आणि अशा सर्दीत नियोजित ऑपरेशन पुढे ढकलायचं का हे आधी ठरवा.

ट्रायक्लोफॉसचं गोड सिरप आपल्याकडे स्कॅनसाठी सर्रास देतात. ऑपरेशनआधी मी टाळते, कारण चढायला आणि उतरायला दोन्हीला वेळ लागतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रोमेथाझिन तर कधीच नको: श्वास थांबून मृत्यू झालेले आहेत, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ पासून तशी ठळक सूचना घातली आहे.

टॉन्सिलसाठी आलेलं मूल रात्री घोरत असेल, झोपेत श्वास थांबून दचकत असेल, तर डोस कमी करा किंवा देऊच नका. दिलंत तर ऑक्सिमीटर लावून कुणीतरी शेजारी बसलं पाहिजे.

औषध दिल्यावर मूल आईच्या मांडीवरच ठेवायचं. उतरू देऊ नका, चालू देऊ नका. गुंगीत ते कॉटवरून पडतं. मोबाईलवर त्याचं आवडतं कार्टून लावा, दिवे मंद करा. आणि आईला आधीच सांगा की मूल दारू प्यायल्यासारखं हसेल, डोळे फिरवेल, मान टाकेल. हे सांगितलं नाही तर आईच घाबरते आणि तिची भीती मुलाला लगेच कळते. मोजक्या मुलांत मिडाझोलामनं उलटाच परिणाम होतो, मूल चिडून हातपाय झाडतं. तेव्हा आणखी डोस देऊ नका.

साठी-पासष्टीच्या पुढे

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत हर्नियासाठी आलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजोबांना मी फोनवरूनच रात्री डायझेपाम १० मिग्रॅ लिहिलं. पहाटे तीनला ते लघवीला उठले आणि संडासच्या दारात पडले. हाड मोडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलाला ओळखत नव्हते. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. डोस पुस्तकातलाच होता. चूक त्यांना न बघता तो लिहिण्यात होती. त्या दिवसानंतर वयस्कर पेशंटसाठी मी फोनवर शामक सांगितलेलं नाही.

वृद्धांच्या मेंदूवर बेन्झोडायझेपिनचा परिणाम जास्त होतो आणि जास्त टिकतो. पडणं, भ्रम, श्वास मंदावणं हे धोके असतात. वृद्धांसाठी टाळावयाच्या औषधांच्या बीअर्स यादीत ती आहेत. म्हणून नियम सोपा ठेवा: वॉर्डात बेन्झोडायझेपिन नाही. चष्मा आणि कानाचं यंत्र शेवटच्या मिनिटापर्यंत राहू द्या, कारण न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस सगळ्यात जास्त घाबरतो. लिस्टमध्ये पहिलं नाव त्यांचं ठेवा. मुलगी किंवा नातू ओटीच्या दारापर्यंत सोबत येऊ दे. एवढं करूनही लागलंच तर टेबलावर मिडाझोलाम ०.५ मिग्रॅ, पुढच्या डोसाआधी किमान तीन मिनिटं.

मोतीबिंदूच्या पेशंटला तर शक्यतो काहीच नको. अर्धवट गुंगीतला माणूस मध्येच दचकून मान हलवतो, आणि डोळ्यावर सुरी असताना तेवढं पुरे होतं. चादरीखाली ऑक्सिजनची नळी आणि बोटं धरून बसलेली सिस्टर जास्त कामाची.

ऑर्डर लिहिताना

संमतीपत्रावर सही शामक देण्याआधी, नंतर कधीच नाही. ऑपरेशनची बाजू पेशंटला विचारून मार्करनं खूण करायची, तीही आधीच; लोराझेपाम घेतलेला माणूस डावं की उजवं विचारल्यावर दोन्हीला "हो" म्हणतो. महत्त्वाच्या सूचनाही आधीच द्या, नंतर सांगितलेलं त्यांना आठवत नाही.

औषधाचं पूर्ण नाव, मिलिग्रॅम, मार्ग आणि वेळ लिहा. वेळेबद्दल "सकाळी सातला" असं लिहू नका. लिस्ट लांबते, तिसरी केस बाराला येते आणि सातला दिलेलं औषध चुकीच्या वेळी काम करून गेलेलं असतं. "ओटीतून निरोप आल्यावर" असं लिहा आणि निरोप देणाऱ्याला तेवढा वेळ आधी कळवायला सांगा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, मिडाझोलाम ही एच-१ या सरकारी नियंत्रित औषधांच्या यादीतली औषधं आहेत, त्यांचा हिशेब ठेवावा लागतो; उरलेली ॲम्प्यूल खिशात राहता कामा नये.

दिल्यानंतर

औषध दिलं की पेशंटनं पलंग सोडायचा नाही. कठडे वर, लघवी आधीच करून घेतलेली, बोटाला ऑक्सिमीटर, हातात बेल. ओटीत चालत न्यायचं नाही. मामा-मावशींना हे स्पष्ट सांगा, कारण "चला आजी, जवळच आहे" म्हणत हाताला धरून नेण्याची सवय असते. ट्रॉलीसोबत सिस्टर आणि अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) हवी.

पेशंट हाक मारूनही उठत नसेल, ऑक्सिजन ९४ च्या खाली जात असेल, तर आधी हनुवटी वर उचला, ऑक्सिजन लावा, गरज पडली तर बॅगनं श्वास द्या, आणि मग औषधाचा विचार करा. बेन्झोडायझेपिनवरचा उतारा म्हणजे फ्लुमाझेनिल: ०.२ मिग्रॅ शिरेतून, मिनिटाच्या अंतरानं परत, एकूण १ मिग्रॅपर्यंत. ते तासाभरात उतरतं आणि बेन्झोडायझेपिन मागे उरतं, म्हणून जागा झालेला पेशंट परत झोपू शकतो. पुढचे किमान दोन तास नजरेखाली ठेवा. फिटचे पेशंट आणि रोज बेन्झोडायझेपिन घेणारे यांना ते देऊ नका, फिट येऊ शकते.

त्याच दिवशी घरी जाणाऱ्याला सोबत माणूस असल्याशिवाय सोडू नका. चोवीस तास दुचाकी नाही, गॅसजवळ एकट्यानं काम नाही, कागदांवर सह्या नाहीत, दारू नाही. हे नातेवाइकाला सांगा आणि डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या.

शेवटी भुलेच्या कागदावर एक ओळ वाढवा: काय दिलं, किती वाजता, आणि ओटीच्या दारात पेशंट कसा होता. शांत, पेंगलेला, रडत, की भ्रमात. पित्ताशयाच्या त्या बाईंच्या कागदावर मी लिहिलं होतं, "औषध दिलं नाही. कोरा चहा दिला. मुलगी दारापर्यंत आली. नाडी ८४, बीपी १३८/८६." दोन वर्षांनी त्या हर्नियासाठी परत आल्या तेव्हा ती ओळ वाचून ड्युटीवरच्या रेसिडेंटनं आधी मुलीला बोलावून घेतलं.